आबांचे दात, लेकीचे दात

माझी लेक सव्वाचार वर्षांची होती, तेव्हा एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की तिला चावता येत नाही.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला आहे. सकाळी सातच्या एसटीने जायचं आणि संध्याकाळी साडेसहाला गावच्या फाट्यावर उतरायचं, असा माझा दिवस. त्या दिवशी स्टँडबाहेर एक बाई टोपलीत पेरू घेऊन बसली होती. पिकायला आलेले, पिवळट, वास सुटलेले. घरी आल्याआल्या मी एक धुतला, फोडी केल्या आणि लेकीच्या हातात दिल्या. तिने एक फोड तोंडात घातली, थोडा वेळ गालात धरून ठेवली आणि परत हातावर काढून माझ्यापुढे केली.

"का गं, नको?"

"हा पेरू मला चावतो," ती म्हणाली.

मला हसू आलं. मी हसले म्हणून तीही हसली, आणि त्या हसण्यात तिचे वरचे पुढचे दात दिसले. हिरड्यांजवळ तपकिरी झालेले. ते रोजच दिसत असणार, पण रोज दिसतं ते माणूस बघतंच असं नाही. तिला खिडकीपाशी नेलं, मोबाइलचा उजेड लावला आणि "आ कर" म्हटलं. मागच्या दाढांना दोन्ही बाजूंनी खड्डे पडले होते. एक दाढ तर आतून पोखरून काळी झाली होती, आणि पेरूची बी नेमकी त्या खड्ड्यात जाऊन बसली होती. मी ती काडीने काढायला गेले तर लेक कळवळली.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, जतच्या बाजूचं. कोरडा मुलूख. आमच्या लहानपणी खाणं म्हणजे बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा, आणि रानात गेलं की बोरं. सगळंच असं की दातांनी झगडल्याशिवाय घशाखाली उतरत नसे. गोड सणावारी. दात किडणं हा प्रकार मी मोठी होईपर्यंत फारसा पाहिला नव्हता, त्यामुळे मुलांच्या दातांकडे लक्ष द्यावं लागतं हे कधी डोक्यातच आलं नाही. लग्न करून इकडे उसाच्या पट्ट्यात आले तेव्हा पहिल्या दिवशीचा चहा पिऊन वाटलं, साखर दोनदा पडली असावी. नंतर कळलं की इथे चहा असाच असतो. साखर कारखान्याकडून सभासदांना मिळणारी साखर घरात पोत्याने येते. ती संपवायची म्हणून नाही, पण हात सैल राहतो.

घरात आम्ही तिघंच. माझा नवरा फौजेत, तेव्हा उत्तरेकडे बर्फात होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासरे फौजेतूनच सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना मामा म्हणते, लेक आबा म्हणते. मी कामावर गेले की लेकीचं सगळं तेच बघतात. वेणी घालतात, अंगणवाडीत पोचवतात, आणतात, जेवू घालतात, दुपारी थोपटून निजवतात. त्यांच्या जिवावरच माझी नोकरी चालली होती, हे मी कुणालाही सांगेन.

मामांच्या तोंडात एकही दात नव्हता. ते भाकरी दुधात कुस्करून खात, नाहीतर आमटीत काला करून. चहात बिस्कीट बुडवून खाणं हा त्यांचा मोठा आनंद. बिस्कीट चहात किती धरायचं, कधी उचलायचं, याचा त्यांचा अंदाज असा होता की एकदाही तुकडा कपात पडत नसे. लेक त्यांच्या मांडीशी बसून त्यांच्याच ताटलीत जेवायची. जे आबा खातील ते आणि आबा खातील तसं. चार वर्षं ती एका बिनदाताच्या माणसाबरोबर जेवली होती. घास गालात धरायचा, जिभेने दाबायचा, गिळायचा. ती चावायला शिकणार तरी कुठून?

हे सगळं मला त्या संध्याकाळी खिडकीपाशी उभ्याउभ्या कळलं. पण मामांना काय सांगायचं? ज्या माणसाने माझ्या लेकीला तळहातावर वाढवलं, त्याला तुमच्या बिस्किटांनी तिचे दात गेले असं सुनेने म्हणायचं? मी नुसतंच म्हटलं, "मामा, हिच्या दाढा किडल्यात. एकदा दाखवून आणू या का?"

"दुधाचं दात हायेत," मामा म्हणाले. "आज ना उद्या पडायचंच. पक्कं आलं की झालं."

मी भाकरी थापायला गेले. फोनवर नवऱ्यालाही सांगितलं, तर तो म्हणाला, "आबांना विचार." विचारलं होतंच.

आठवड्याभराने लेकीचा गाल सुजला. अंगणवाडीतून ती मामांच्या कडेवरून आली, तोंड धरून. बाईंनी मला कामावर फोन केला. मी अर्धी रजा टाकून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं साताऱ्याला निघालो. मामांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चमकवले. एसटीत लेक कण्हायला लागली तेव्हा त्यांनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. मी त्यांच्याकडे पाहिलं. काय बघितलं त्यांनी माझ्या डोळ्यांत कुणास ठाऊक, पण पुडा न फोडताच परत खिशात ठेवला.

दातांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी लेकीला खुर्चीत न बसवता आधी माझ्या मांडीवरच बसवलं, तोंड पाहिलं, एक फोटो काढला. सुजेवर औषध लिहून दिलं. मग वही पुढे ओढून विचारलं, "दिवसभरात ही काय काय खाते?"

मी म्हटलं, "घरचंच. दूध, भाकरी, वरण-भात."

"आणि बिस्कीट," लेक सुजल्या गालाने म्हणाली. "आणि गोळी. आणि जेली. आणि परत बिस्कीट."

मी जमिनीकडे बघत होते. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठून उभे राहिले. ते साहेबापुढे उभं राहावं तसे सरळ होते.

"म्याडम, तिला काय इचारू नका. खायाला मी घालतो. मी सांगतो, लिहून घ्या," ते म्हणाले. "सकाळी सहाला चा आन् दोन बिस्किटं. साडेआठला अंगणवाडीला निगताना एक हातात. बाराला आली की गोळी, शाबासकीची. मग दूध-भाकर, वर साखर. तीनला उठली की परत चा-बिस्किट. पाचला दुकानावर जातो, येताना जेली. आन् आई यायच्या आदी रडली, तर आनिक एक बिस्किट."

"आणि रात्री झोपताना दूध," मी म्हटलं. "साखर घालून. ते मी देते."

डॉक्टर बोटं मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आठ वेळा. आबा, गोड अजिबात द्यायचं नाही असं मी म्हणत नाही. पण किती दिलं याच्यापेक्षा किती वेळा दिलं ते दातांना जास्त बाधतं. प्रत्येक वेळी गोड खाल्लं की तोंडात आंबट तयार होतं आणि दात झिजायला लागतो. मग लाळ येते आणि हळूहळू ते धुऊन काढते, दात पुन्हा सावरतो. हिच्या दातांना सावरायला वेळच मिळत नाही. तेवढ्यात पुढचं बिस्कीट. आणि बिस्कीट तर पिठासारखं चिकटून बसतं."

"पर हे दात पडायचं नव्हं?" मामांनी विचारलं. आवाजात वाद नव्हता.

"पुढचे सहाव्या-सातव्या वर्षापासून पडतील. पण या मागच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत लागतात. तोवर हिने जेवायचं कशाने? आणि खाली पक्के दात वाट बघतायत, त्यांची जागा या दाढांनी धरून ठेवलीय. या आधीच गेल्या तर मागचे दात पुढे सरकतात आणि पक्के वाकडे येतात."

मामांनी मान हलवली.

परतीच्या एसटीत लेक माझ्या मांडीवर झोपली होती. मामा खिडकीशी बसून बाहेर बघत होते. उसाच्या गाड्या रस्त्याने चालल्या होत्या, त्यामुळे एसटी रखडत होती. फाट्यावर उतरल्यावर ते एकदम थांबले.

"सूनबाय, तुला ठावं व्हतं?"

"सगळं नाही," मी म्हटलं. "थोडं वाटत होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला कसं बोलू, मामा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे ओले होते की वाऱ्याने पाणी आलं होतं, मला सांगता येणार नाही. "ऐक," ते म्हणाले. "पल्टन निगाली आन् म्होरं खड्डा हाय, तर शिपायानं सांगायचं आस्तंय. सुभेदार आपल्यावर रागवंल म्हणून गप बसला तर सगळीच खड्ड्यात. हितनं म्होरं दिसलं की बोलायचं. कळलं?"

"कळलं."

"आन् रातचं साखरंचं दूध तू बंद कर."

"करते."

खरं सांगायचं तर लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण मी त्या घरची झाले असं मला त्या फाट्यावर वाटलं.

त्यानंतर दीड महिना आम्ही दर सुट्टीला साताऱ्याला जात होतो. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी दोन दाढांच्या आतलं खराब काढून त्या भरल्या आणि वरून स्टीलच्या टोप्या बसवल्या. बाकीच्या दातांत सिमेंट भरलं. पहिल्या दिवशी मशीनचा आवाज ऐकून लेक खुर्चीतून खाली उतरली आणि मामांच्या पायांमागे लपली. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, काही उपयोग नाही. शेवटी मामा म्हणाले, "थांब बाय, आदी मी बसतो." आणि बुटांसकट त्या खुर्चीत जाऊन आडवे झाले.

डॉक्टरांनीही मोठ्या गांभीर्याने आरसा घेतला आणि त्यांच्या तोंडात पाहिलं. लेक टाचा उंचावून बघत होती.

"आबा, तुम्ही कवळी का नाही बसवून घेतली?"

"बसवलीया की. रिटायर व्हताना केली व्हती."

"मग कुठे आहे?"

"ट्रंकंत."

"ट्रंकेत ठेवून कसं चालेल?"

"टोचायची. आन् बाहीर कुटं जेवायला जायचं आस्तंय मला. घरात काला चालतोय."

डॉक्टर आरसा खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला चालतो, आबा. पण ही तुमच्याकडे बघून जेवते. दाढा मी दुरुस्त करून देईन. चावायला हिला कोण शिकवणार?"

मामा खुर्चीतून उठले. लेक विचारात पडली होती. आबांना काही झालं नाही हे तिने पाहिलं होतं. ती मुकाट्याने चढून बसली आणि "आ" केलं.

घरी आल्यावर मामांनी पलंगाखालची काळी ट्रंक ओढली. वर गणवेश, त्याखाली घडी केलेलं ब्लँकेट, त्याखाली एक स्टीलचा डबा. डब्यात रुमालात गुंडाळलेली कवळी. लेकीने ती दोन्ही हातांनी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

"हे कुणाचे दात?"

"माजं."

"मग तुम्ही असे डब्यात का ठेवलेत?"

"चूक झाली," मामा म्हणाले.

पुढच्या खेपेला आम्ही कवळी घेऊन गेलो. इतक्या वर्षांत हिरड्या बसल्या होत्या, त्यामुळे ती सैल झाली होती. डॉक्टरांनी मापं घेतली, आतून भर घालून ती नीट बसवून दिली. बाहेर येऊन मामा बोलायला लागले तर प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची. "सातारा" म्हणायला गेले की स्टँडवर दोघंतिघं मागे वळून बघायचे. लेकीला हे इतकं आवडलं की ती सबंध रस्ताभर विचारत राहिली, "आबा, आपण कुठे आलो होतो?" आणि मामाही प्रत्येक वेळी सांगायचे.

मग घरात दोघांचं शिक्षण सुरू झालं. डॉक्टरांनी मामांना सांगितलं होतं, मऊ खाण्यापासून सुरुवात करा, लहान घास, दोन्ही बाजूंनी चावा. मामांनी तेच लेकीला लावलं. मी संध्याकाळी यायची तेव्हा दोघं सोप्यात समोरासमोर बसलेली असायची, मध्ये एक ताटली. पहिले काही दिवस उकडलेलं बीट आणि गाजर. मामा म्हणायचे, "डावीकडं." दोघं डावीकडे चावायची. "आता उजवीकडं." लेक चावताना डोळे मोठे करायची, जणू सगळा जोर डोळ्यांतूनच येतो.

दोन आठवड्यांनी काकडी. मग भाकरीचा पापुद्रा. मग ओला हरभरा. त्या दिवशी मी घरी आले तर दोघांच्या मध्ये हिरव्या घाट्यांनी भरलेल्या हरभऱ्याच्या डहाळ्यांचा ढीग, लेकीची बोटं आणि ओठ त्यावरच्या आंबट आंबेने चिकट, आणि मामा घामाघूम.

"येक घाटा धा मिनटं पुरतोय," ते म्हणाले. "पर चव हाय, सूनबाय. ही चवच इसरलो व्हतो मी."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं, मामा हे सगळं लेकीसाठी सोसतायत. पण त्यांनाही वर्षानुवर्षं फक्त दूध आणि चहाचीच चव लागत होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी मला एकेक फर्मान सोडलं. बाजरीची भाकरी कर, कडक. मेथी नुसती चिरून कांद्याबरोबर दे. तुमच्या जतकडं मटकी करत्यात तशी कर, शिजवून गिच्च करू नगं. मी माहेरच्या पद्धतीचं जेवण त्या घरात पहिल्यांदा मोकळेपणाने केलं ते तेव्हा.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. बिस्कीट बंद झालं तेव्हा लेकीने तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. मामांचेही ते तीन दिवस वाईट गेले. चहाचा कप हातात घेऊन ते नुसतेच बसून राहत, बोटं काहीतरी बुडवायला शोधत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच तह केला. रविवारी दुपारी, जेवण झाल्याबरोबर दोघांना दोन-दोन बिस्किटं. खाऊन झालं की चुळा भरायच्या. बाकी सहा दिवस पुडा माझ्या कपाटात. "माज्या हाताला लागंल असं ठिऊ नगं," असं त्यांनी मला बजावलं.

जेवणानंतर दात घासायचे तेव्हा दोघं मोरीपाशी शेजारी उभी राहतात. मामा कवळी हातात घेऊन ब्रशने घासतात, लेकीचे दात मी घासते. पहिल्या काही दिवसांत तिने यावरही भांडण काढलं.

"मलापण काढून द्या. मलापण हातात घेऊन घासायचेत."

"तुजं निगत न्हाईत, बाय," मामा तिला समजावत होते. "तुजं भारी हायेत. त्ये आत घट्ट बसवल्यात."

"तुमचे कोणी काढले?"

मामा थोडा वेळ घासत राहिले. "तंबाकूनं," ते म्हणाले. "आन् मी लक्ष दिलं न्हाई."

पाऊस सरता सरता लेकीचा पाचवा वाढदिवस आला. आमच्या अंगणवाडीत वाढदिवस म्हणजे गोळ्यांची पिशवी. प्रत्येक पोराला दोन, बाईंना चार. मी त्या दिवशी रजा घेतली होती, आणि गोळ्या आणायच्या की नाहीत याचा निर्णय मामांवर सोडला होता. सकाळी उठून पाहते तर ते रानातून मक्याची कणसं घेऊन आलेले, कोवळी, दुधाळ. मोठ्या पातेल्यात उकडली, गार करून प्रत्येकाचे तीन-तीन तुकडे केले, आणि चादरीत गाठोडं बांधून आम्ही तिघं अंगणवाडीत गेलो.

बाई खूश झाल्या. पोरं तेवढी नाही. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने तुकडा हातात घेऊन स्वच्छ विचारलं, "गोळी कुठाय?"

"आज कणीस हाय," मामा म्हणाले.

"मला गोळी पायजे."

दोघंतिघं आणखी तिच्या बाजूने झाली. माझी लेक, वाढदिवसाचा नवा फ्रॉक घातलेली, ओठ काढायच्या बेतात होती. मामांनी ते पाहिलं. ते सतरंजीवर पोरांच्या मध्ये मांडी घालून बसले आणि एक न कापलेलं अख्खं कणीस हातात घेतलं.

"बगा आता, कसं खात्यात त्ये."

त्यांनी तोंड उघडलं, कणसात दात रोवले आणि ओढलं. कणीस बाहेर आलं. त्याच्याबरोबर वरची कवळीही आली, दाण्यांत पक्की रुतलेली.

मामा हातातल्या कणसाकडे बघत होते. कणसाला दात होते. मी दाराशी उभी होते, आणि मला वाटलं, आता या माणसाला किती लाज वाटेल. मी पुढे जायला निघाले, तेवढ्यात ती गोळी मागणारी मुलगी हळूच म्हणाली, "आबा, कणसानं तुमचं दात काढलं."

मामांना हसू फुटलं. बिनदाताचं, पोट हलवणारं हसू. मग सगळी पोरं हसली, बाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि माझी लेक उठून उभी राहिली आणि मोठ्या अभिमानाने सर्वांना सांगायला लागली की आबांचे दात निघतात, तिचे निघत नाहीत, पण तिला दोन चांदीच्या दाढा आहेत. तिने "आ" करून त्या दाखवल्या. पोरं रांग लावून बघायला आली. एकाने विचारलं, कुठे मिळतात? लेक म्हणाली, साताऱ्याला, पण दुखतं.

मामांनी कवळी धुऊन बसवली. मग पोरांना सांगितलं, "माजं दात खोटं हायेत, म्हणून हरलं. तुमचं खरं हायेत. बगू, कणीस जिंकतंय का तुमी."

त्यानंतर कोणी गोळी मागितली नाही. खरं म्हणजे त्या एका मुलीने मागितलीच, अगदी शेवटी, घरी जाताना. पण कणसाचे तिन्ही तुकडे साफ करून. बाईंनी पुढे वाढदिवसांना पेरू, केळी, उकडलेल्या शेंगा असं काही आणायला सांगायला सुरुवात केली. काही घरं आणतात, काही गोळ्याच आणतात. गोळ्या आणणाऱ्यांना कोणी टाकून बोलत नाही.

दिवाळीला नवरा रजेवर आला. फौजी कँटीनमधून भलामोठा चॉकलेटचा डबा आणलेला. आल्या आल्या त्याने डबा उघडून लेकीपुढे धरला आणि तिच्या उड्या मारण्याची वाट बघत उभा राहिला. तिने डब्यात नीट पाहिलं, एक निवडून बाजूला ठेवलं आणि झाकण लावलं.

"जेवल्यावर एक," ती म्हणाली. "बाकीची रविवारी. आबांना दोन द्यायची नाहीत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. मामा वर छताकडे बघत होते.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा साताऱ्याला तपासायला गेलो. नवीन काही किडलेलं नाही. खालच्या पुढच्या दाताच्या मागे एक पांढरी, करवतीसारखी कड दिसायला लागलीय, आणि डॉक्टर म्हणाल्या, पहिला पक्का दात येतोय. मामांनी स्वतः वाकून तो पाहिला, मग चष्मा लावून पुन्हा पाहिला.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला हल्ली पाऊण तास लागतो. मला दिवसभराची भूक असते, माझं ताट दहा मिनिटांत रिकामं होतं. मग मी हात धुऊन भिंतीला टेकून बसते. समोर ती दोघं एका लयीत चावत असतात. कांदा कुरकुरतो, भाकरीचा पापुद्रा मोडतो, मामांची कवळी मधूनच टक् वाजते. बोलायचं असेल तर आधी घास संपवतात. त्यामुळे प्रश्न विचारला की उत्तर यायला बराच वेळ लागतो, आणि मी वाट बघत बसते.